एकशे तिसरा अध्याय

पाळक खंडाऱ्यांनी फळ्यावर गणित मांडलं:
अकराशे एकोणनव्वद अध्याय, तीस दिवस,
रोज चाळीस, शेवटल्या दिवशी सूट,
एकोणतीसच.
वय सत्तावीस त्यांचं, परतवाड्याहून मोटरसायकलवर येतात,
हेल्मेट वेदीवर ठेवतात, मग आठवलं की गडबडीनं उचलतात.
आम्ही अकरा घरं. तक्ता प्रत्येकाच्या दारामागे,
माझा गॅसच्या कार्डाशेजारी.

पहिले दोन दिवस मी धावले.
जग चहाआधी झालं, तूर निवडेस्तोवर बुडालं.
सारा हसली तेव्हा कुकरची दुसरी शिट्टी.
योसेफाला विकलं तेव्हा भर दुपार, लाईन गेलेली.
दुसऱ्या दिवशी बेडूक, उवा, टोळ एका दमात,
कृषी केंद्रातला पोरगा संत्र्यावरच्या किडी मोजतो तसे.
योनाथन तायडे ट्रॅक्टरवर कानात घालून ऐकतो,
दुप्पट वेगानं.
"मार्थाआत्या, मोशे तं डेपोतल्या कंडक्टरवानी बोलते."

तिसऱ्या दिवशी लेवीय.
तिथं चट्टा आला.

एकतीस वर्षं मी मिशनच्या दवाखान्यात ड्रेसर होते.
चट्टा म्हटलं की वाचणारी बाई मागे सरते,
दुसरीच कोणी चष्मा पुसत पुढे येते.
रंग कसा, कड उठलेली का, केस पांढरे झाले का,
पुस्तकातला याजक सगळं विचारतो,
नीट विचारतो, आमच्या डॉक्टरांहून कमी नाही.
सात दिवस कोंडा. पुन्हा बघा. पुन्हा सात.
मी पेन्सिल घेऊन तीनदा वाचलं.
बघतो, बघतो, बघतो.
हात कुठं लावत नाही.

आम्ही म्हणायचो, डोळे मीट.
कापसाची वात फिरवायचो,
लागली की बोटानं दाखव.
फुलवंती बेठेकर, सेमाडोहकडची, सतराची,
डोळे गच्च मिटून बसली.
मी वात फिरवली. उचलली. पुन्हा फिरवली.
ती तशीच, मिटल्या डोळ्यांनी म्हणाली,
"बाई, सुरू करा ना."

त्या रात्री चाळीसपैकी तेविसावर थांबले.
चौथ्या दिवशी तिथंच.
सहाव्या दिवशी सुनेनं विचारलं, पेन हरवला का?

गावात राजे मरत होते, एकामागे एक.
दाविदाचं पाप आणि दाविदाचं म्हातारपण
एकाच दळणात उरकलं.
विहिरीवर, पिठाच्या गिरणीत सगळे पुढचं बोलायचे,
मी मान हलवायचे.
चोविसाव्या दिवशी योनाथननं दारात ट्रॅक्टर उभा केला,
इंजिन बंद नाही केलं.
"आत्या, आज त्यानं हात लावला एकाले.
मी मागं नेलं, साध्या वेगानं ऐकलं दोनदा."
एवढंच सांगून गेला. तणकटाचा वास राहिला अंगणात.

तिसाव्या दिवशी शिरा झाला,
पाळकांनी प्रत्येकाला स्टीलचा डबा दिला. मलाही.
म्हटलं, माझं झालं नाही.
किती राहिलं?
एक हजार साठ.
ते हसले, मग हसू आवरलं, हेल्मेट शोधू लागले.

फुलवंती बरी झाली होती. बोटं दोन वाकडी राहिली, तेवढंच.
घेऊन जायला येतो म्हणाले होते घरचे.
दुपारच्या गाडीला ती गाठोडं घेऊन फाटकाशी बसायची,
गाडी गेली की गाठोडं सोडून
पातळ पुन्हा खुंटीला.
किती दिवस, ते कुठल्या रजिस्टरात नाही.

मी आता गणनेत आहे, बाराव्यात.
मिर्यामचं अंग पांढरं पडलंय,
तिला तळाबाहेर ठेवलंय सात दिवस.
आणि लाखो माणसं, मेंढरं, तंबूचे खुंटे, कोश,
तो सगळा पसारा,
एवढा लांबचा पल्ला समोर असून
जागचा हलला नाही,
ती आत येईस्तोवर.

चार दिवस झाले, मीही तिथंच आहे.
तक्ता सुनेनं काढला. भिंतीवर गोंदाचे चार ठिपके.